ब्रेक नापास

काकूंची जुनी छोटी गाडी तपासणीत नापास झाली. दिव्याची काच तडकलेली, टायर गुळगुळीत झालेले, हे त्यांना ठाऊकच होतं. पण गाडीखाली वाकलेला तपासनीस उठला तो पांढराफटक पडून.

"काकू, ब्रेकची नळी गंजून तुटलीय. तेलाचा थेंब नाही. एवढा मोठा उतार उतरून आलात कशा?"

"देवाची कृपा! पाय दाबला की थांबते हो बिचारी."

"अहो, ती थांबूच शकत नाही!"

काकूंना हसू आलं. "आमचे हे असते ना, तर म्हणाले असते, मीच थांबवतो. मी चालवायची आणि हे शेजारी बसून घाबरून पाय दाबायचे. मी म्हणायची, अहो, तिकडे ब्रेक नाहीये! ते गेले त्यालाही आता वर्ष होऊन गेलं."

तेवढ्यात हँडब्रेक निसटला. आवाराच्या उतारावरून गाडी थेट काकूंच्या अंगावर येऊ लागली. तपासनीस ओरडला. काकूंचे पाय जागीच खिळले.

वीतभर अंतरावर गाडी थांबली.

काकूंनी भरल्या डोळ्यांनी हात जोडले.

तपासनीस धावत आला आणि त्याने खिडकीतून आत पाहिलं. गाडीत कुणी नव्हतं. शेजारच्या सीटपुढची रबरी चटई मात्र पावलाएवढी खोल दबली होती, आणि अजून दबतच होती.