मज्जातंतूची शिकवणी

"आमच्या घराण्यात असलं काही नाही, सूनबाई. हे तुझ्या माहेरचं!" आप्पासाहेब दवाखान्यात सगळ्यांदेखत मृण्मयीला म्हणाले. तिच्या तान्ह्या बाळाचं एक वृषण खाली उतरलं नव्हतं. मज्जातंतूची आज्ञा तिथल्या स्नायूला कळतच नव्हती. आता त्यासाठी कापाकापी लागत नसे. नात्यातल्या निरोगी पुरुषाच्या मज्जातंतूचे संदेश टिपून बाळाच्या मज्जातंतूला शिकवले की काम होई.

"माझेच घ्या," म्हणत आप्पासाहेब मिशीला पीळ देत ऐटीत यंत्राखाली आडवे झाले. मृण्मयीच्या नवऱ्यानं त्यांचा चष्मा सांभाळला.

डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा पडदा न्याहाळला. "आजोबा, लहानपणी तुमचं ऑपरेशन झालंय ना? हाच दोष तुमच्यात आहे. तो रक्तातून पुढे उतरतो, म्हणून तुमचे किंवा तुमच्या मुलाचे संदेश चालणार नाहीत."

"आईनं कुणाला सांगू नको म्हटलं होतं," आप्पासाहेब पुटपुटले.

मृण्मयीनं त्यांच्याकडे बघायचीही तसदी घेतली नाही. तिनं भावाला फोन लावला.

"दादा, लगेच ये. इथे नुसत्या मिशाच आहेत."