गच्चीवरचं शेत

"अक्का, हवामान बदललंय. त्या शेताचं आता विसर," भाऊ म्हणाला आणि त्याने लिफ्टचं बटण दाबलं.

विसर म्हणे! एका हंगामात काही उगवलं नाही, तेवढ्यावरून अक्काचं शेत पिकाऊ जमिनीच्या नकाशातून पुसायला निघाले होते. एकदा पुसलं की तिथे गोदामं उठणार. नकाशा ठरत होता याच कचेरीत, अख्ख्या देशाच्या अन्नाची काळजी वाहणाऱ्या कचेरीत. आणि तिचा सख्खा धाकटा भाऊ इथला मोठा साहेब होता. म्हणून तर ती बस बदलत बदलत एवढ्या लांब आली होती. तिला फक्त पुढचा एक हंगाम हवा होता.

"पाऊस बरा झाला होता रे," ती त्याच्यामागोमाग लिफ्टमध्ये शिरत म्हणाली. "शेजाऱ्यांचं पीक बघ, कमरेला लागलंय. हवामान काय माझ्या एकटीवर रुसलं?"

"त्यामागे शास्त्र असतं, अक्का. तुला नाही कळायचं."

या भावाशी भांडायला अक्काची जीभ रेटेना. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली असताना त्यानेच ठेकेदार लावून तिचं शेत सपाट करून दिलं होतं, एक पैसा न घेता. परत आल्यावर माती फिकट दिसली, तेव्हा "खालची वर आलीय, मुरेल," असंही तोच म्हणाला होता. भाऊ असावा तर असा, म्हणून ती गावभर सांगत सुटली होती.

लिफ्ट गच्चीवर उघडली. गच्चीभर वाफे होते, त्यांच्या कडा नुकत्याच रंगवलेल्या, आणि मधोमध फोटो काढायला मोकळी जागा. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. "यापुढे शहराने आपलं अन्न आपणच पिकवायचं," भाऊ सांगू लागला. भाषण पाठ झालेलं दिसत होतं.

ठेकेदार एका वाफ्यातलं तण उपटत होता. हाच तो, शेत सपाट करणारा. "काही पेरलं नाही साहेब, तरी आपोआप उगवतंय बघा," तो खुशीत म्हणाला. "मातीच तशी आहे!"

अक्का वाकली. तण कसलं? जांभळ्या देठाचा घेवडा होता तो, तिच्या वडिलांनी निवडून निवडून जपलेला. हे बी तिच्या शेताबाहेर कधी गेलंच नव्हतं. शेंगा तडकतात, दाणे मातीत पडून राहतात, पाणी मिळालं की उठतात. तिने मूठभर माती उचलली. काळीभोर, भुसभुशीत. या मातीत ती रांगायला शिकली होती, तिला कुणी सांगायला नको होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चोरा!" ती ठेकेदाराच्या अंगावर धावली. "सपाट करतो म्हणालास आणि माझ्या शेताचं कातडं सोलून आणलंस? आणि मी बसलेय हवामानाला शिव्या घालत! माझ्या भावाने विश्वासाने काम दिलं तुला, आणि तू त्यालाही फसवलंस? आता तो तुला कसा सरळ करतो, बघच!"

ठेकेदाराने साहेबांकडे पाहिलं. साहेब पाण्याचा नळ घट्ट करत होते. नळ आधीच बंद होता.

"अरे, बोल ना याला!" अक्का ओरडली.

भाऊ पुढच्या नळाकडे वळला. शेवटी ठेकेदाराचंच डोकं फिरलं.

"मला चोर म्हणायचं काम नाही, ताई. मी नदीकाठची माती आणणार होतो. साहेबच म्हणाले, 'ती नको. आमची अक्का लेकीकडे गेली की तिच्या शेतातली आण. तेवढी कसदार माती अख्ख्या देशात नाही.'"