टीव्हीची डावी बाजू

"सर, माल तुम्ही बघूनच नेला होता," गुरुशांतप्पा म्हणाला. "आता कंपनीला फोन लावा. आमच्या हातात काय न्हाई."

श्रीनिवासराव भालकीच्या त्या दुकानात भिंतीकडे पाठ करून बसले होते. त्या भिंतीवर वीसेक टीव्ही चालू होते. त्यांतल्या एकाकडेही बघायची त्यांची छाती होत नव्हती.

"हातात न्हाई कसं?" ते म्हणाले. "बिल तुमच्या दुकानाचं, पैसे तुम्ही घेतलाव. आठ दिवसांत दोष निघाला तर दुकानदाराला अंग काढून घेता येत न्हाई. न्हाईतर मी बीदरच्या ग्राहक आयोगात अर्ज करतो. वकील बी लागत न्हाई तिथं."

आवाज अगदी वर्गातला होता. शाळेत तीस वर्षं त्यांनी ग्राहकांचे हक्क शिकवले होते. पोरांना वादी-प्रतिवादी करून खोटा खटला चालवायचे. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दुकानाची पायरी चढायला त्यांना स्वतःला आठ दिवस लागले होते.

गुरुशांतप्पा नरमला. "बरं सर, रागवू नका. उद्या मेकॅनिक पाठवतो. पण एक विचारू का? टीव्ही ठीक निघाला, तर?"

श्रीनिवासरावांच्या पाचावर धारण बसली. ते उठून चालू लागले. आठ दिवस त्यांना झोप लागत नव्हती ती याच प्रश्नानं.

टीव्ही घरी आला त्याच संध्याकाळी त्यांना पडद्याची डावी बाजू धुरकट दिसली होती. माणसं तिकडं गेली की चूल फुंकताना दिसावीत तशी, नुसत्या सावल्या. ते बोलणार, एवढ्यात शेजारी बसलेल्या कुसुमताई म्हणाल्या, "काय झकास दिसायलंय! ती डावीकडची थोरली जाऊ बघा, कसली हिरवीगार साडी नेसलीय."

श्रीनिवासरावांनी डोळे चोळले. चष्मा पुसला. एकेक डोळा झाकून पाहिला. साडी काही दिसेना.

"हं," ते म्हणाले.

त्यांच्या वडिलांची दृष्टी अशीच गेली होती. राजेश्वर गावातल्या घरात आधी फक्त दिव्याजवळ त्यांना धूर दिसायचा. दिवसा सगळं स्वच्छ. वर्षभरात ते भिंत चाचपत फिरू लागले, आणि पुढची बारा वर्षं एका खाटेवर बसून राहिले. दारात कोण आलं हे ओळखण्यासाठी मान वाकडी करून ऐकणारे वडील श्रीनिवासरावांना अजून आठवत.

आपलंही तेच सुरू झालं, असं त्यांनी धरूनच टाकलं. रस्ता स्वच्छ दिसे. निवृत्त झाल्यापासून कुसुमताईंनी त्यांना तांदूळ निवडायला बसवलं होतं ("इतकी वर्षं मी निवडले, आता तुमची पाळी!"). त्यातला खडा न् खडा त्यांना सापडे. पेपरही रोज तेच मोठ्यानं वाचून दाखवत. पण वडिलांचंही दिवसा ठीकच होतं की! डॉक्टरकडे जायची हिंमत नव्हती. शेजाऱ्याला बोलावून विचारावं, तर गावभर बोभाटा. आणि कुसुमताईंना डोळ्यांचं सांगून घाबरवायचं कशाला? अडतीस वर्षांच्या संसारात ती बाई कधी खोटं बोलली नव्हती. ती म्हणते दिसतं, म्हणजे दिसतं.

उरला तो टीव्ही. तो नासका निघावा म्हणून माणूस देव पाण्यात घालून बसतो, हे कुणी ऐकलंय का? श्रीनिवासराव बसले होते.

ते दुकानातून परतले तेव्हा कुसुमताई चिडल्या. "कामून गेलाव दुकानात? चांगल्या टीव्हीला नावं ठेवायलाव. लोकांसमोर हसं करून घ्यायचंय का?"

"बघू दे की एकदा मेकॅनिकला."

"कशाला त्यो घरात? काय बी झालं न्हाई टीव्हीला!"

इतक्या तावातावानं ती कधी बोलत नसे. श्रीनिवासराव जास्तच खचले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मेकॅनिक शिवशरण पिशवी घेऊन आला. कुसुमताई तडक स्वयंपाकघरात गेल्या. शिवशरणनं टीव्ही लावला. कन्नड मालिका चालू होती. घरात कडाक्याचं भांडण लागलं होतं. डावीकडे तोच धूर.

शिवशरण नुसता बघत राहिला. आता हा वळणार आणि म्हणणार, सर, सगळं नीट हाय की. श्रीनिवासरावांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"सर," शिवशरण म्हणाला, "हे कधीपासून?"

"काय?"

"हे! डावी बाजू पार गेलीय. मला माणसंच दिसंना झालीत तिकडली. इतके दिवस कसं बघितलाव असलं? पॅनल खराब हाय. बदलून नवीन सेट मिळंल तुम्हाला."

"तुला... तुला बी दिसंना?"

"आंधळ्याला बी कळंल सर!"

श्रीनिवासरावांचा जीव भांड्यात पडला. ते मटकन खुर्चीत बसले आणि हसू लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं; ते पाणीसुद्धा त्यांना गोड वाटलं. वडिलांची खाट त्यांच्या नशिबी नव्हती. ते ओरडले, "कुसुम! अगं, लवकर बाहेर ये!"

शिवशरणनं कंपनीला फोटो पाठवायचा म्हणून टीव्हीचं मागचं झाकण उघडून पडद्याला जोडणारी पट्टी काढली. सगळाच पडदा काळा ठिक्कर पडला. भांडणाचा आवाज तेवढा येत राहिला.

पदराला हात पुसत कुसुमताई आल्या. रोजच्या खुर्चीत बसल्या. पडद्याकडे तोंड करून त्यांनी क्षणभर कानोसा घेतला, आणि कौतुकानं म्हणाल्या, "उगंच बदलायलाव. बघा की, सासू कशी डोळे वटारून बघायलीय!"