पाय ठेवायला जागा नव्हती

बाबांनी पंचाहत्तरीचा फोटो पाठवला आणि मी कपाळाला हात लावला. मी दिलेल्या नव्या फोनमध्ये बारीकसारीक तपशीलही टिपणारी रॉ फोटोची सेटिंग मीच करून दिली होती. त्यात सगळं इतकं धारदार आलं होतं, की दाढीचे खुंट खिळ्यांसारखे दिसत होते.

"कोणी काढला हो हा?" मी फोन करून विचारलं.

"कोणास ठाऊक! अगं, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जुन्या ऑफिसातले, बिल्डिंगमधले, झाडून सगळे आले होते. कोणीतरी म्हणालं हसा, मी हसलो. तूच तेवढी नव्हतीस."

"सुट्टीच मिळाली नाही हो, बाबा."

"असू दे गं. तेवढं चेहऱ्याचं बघ जरा."

स्टुडिओत दिवसभर लोकांच्या सुरकुत्या पुसणं हेच माझं काम. सवयीनं गाल, कपाळ मऊ केलं आणि शेवटी डोळ्यांवर झूम केलं. फोननं तिथलंही काही सोडलं नव्हतं. बुबुळात समोरची अख्खी खोली लख्ख उमटली होती.

भिंतीपर्यंत चिटपाखरूही नव्हतं. समोरच्या खुर्चीत पाठ टेकून बसला होता, तो फक्त मी दिलेला फोन.