गोंदखात्याचे ठणठणीत पाय

“मामा, एकच लक्षात ठेव. तुला काही सापडता कामा नये.”

“त्याची काळजी सोड,” मामा टेबलाखाली चष्मा शोधत म्हणाला. चष्मा कपाळावर होता. “आजवर मला कधी काही सापडलंय?”

याच गुणासाठी भाचीने त्याला निवडला होता. तिच्या बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवायला जो गोंद वापरत, त्याने पायांना मुंग्या येतात अशी कामगारांत कुरबुर सुरू झाली होती. सरकारी तपासनीस म्हणाला, आरोग्य संशोधन करा. मोठे साहेब म्हणाले, करू की, पण नीट आखून करू. आखणी भाचीकडे आली. गोंदात काही निघालं असतं तर गोंद बदला, पंखे बसवा, खातं बंद ठेवा. आणि खातेप्रमुखाची जी खुर्ची साहेबांनी तिला कबूल केली होती, ती दुसऱ्या कुणाच्या तरी बुडाखाली गेली असती.

तिने डॉक्टरांची बरीच चाचपणी केली. एक फार हुशार निघाला, दुसरा फार चिकाटीचा. मामावर असले आरोप कुणीच केले नव्हते. त्याच्या दवाखान्यात कुणी काहीही घेऊन आलं, तरी तो नाडी धरून म्हणायचा, “काही नाही, हवा बदला.” माणसं बरी व्हायची, कारण मामा गप्पा झकास मारायचा. भाचीचा त्याच्यावर भारी जीव. त्यानेच तिला सायकल शिकवली होती, आणि ती पडली तेव्हा तिच्याआधी तोच रडला होता.

“तपासायचं कुणाला?” चष्मा नाकावर घेत मामाने विचारलं.

“गोंदखात्यातल्यांना. मी निवडलीत माणसं. फुटबॉलचा आख्खा संघ, आणि नुकतेच कामाला लागलेले.”

“आणि ते मुंग्यावाले?”

“ते रजेवर आहेत. रजेवरच्या माणसाला कामावरचा कसा धरायचा?”

“शास्त्राला धरून आहे,” मामा गंभीरपणे म्हणाला. “आणि त्यांची तुलना कुणाशी?”

“कचेरीतल्यांशी. आमचा गोंदाशी काडीचा संबंध नाही. पहिला नंबर माझाच घे.”

तिची केबिन गोंदखात्याच्या बरोबर डोक्यावर होती. खिडकी खात्यात उघडायची आणि खालचा गोडसर वास दिवसभर वर यायचा. तिला तो आवडायचा. सुट्टीच्या दिवशी काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

मामाला घेऊन ती जिना चढत होती, तेव्हा तो मागून ओरडला, “चिमणे, चप्पल!”

तिने खाली पाहिलं. एक पाय अनवाणी होता. चप्पल चार पायऱ्या मागे राहिली होती.

“होतं असं हल्ली,” ती म्हणाली. “वर पोचल्यावर कळतं.”

खालून गोलकीपर चप्पल घेऊन आला. तो याच खात्यात डबे उचलायचा. “हे नेहमीचंच आहे, डॉक्टर. आधी ताई येतात, मग ताईंची चप्पल येते.”

“लहानपणापासून धांदरट,” मामा लाडाने म्हणाला. “बुटांच्या कारखान्यात नोकरी, आणि हिच्या पायात काही टिकत नाही.”

तपासणी केबिनमध्येच ठेवली होती. मामाने बॅगेतून शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा नादकाटा काढला. तो तळहातावर आपटला की गुणगुणत थरथरायचा.

“डोळे मिटायचे,” त्याने गोलकीपरला सांगितलं. “मी हा पायाच्या अंगठ्यावर टेकवतो. थरथर थांबली की सांगायचं. बास. ज्याचे पाय धड आहेत त्याला शेवटपर्यंत कळते.”

गोलकीपरला शेवटपर्यंत कळली. सेंटर फॉरवर्डला तर गुदगुल्याच झाल्या. नवी पोरं रांगेने येत होती, मोजे काढत होती, खिदळत होती. केबिनमधला गोंदाचा वास काही काळ जाणवेनासा झाला, इतके मोजे निघाले. मामा प्रत्येकाची चौकशी करायचा, कुणाच्या लग्नाचं जमवून द्यायचं कबूल करायचा, आणि म्हणायचा, “काही नाही, ठणठणीत!”

मोठे साहेब दारात उभे राहून पाहत होते. ते भाचीजवळ सरकले.

“फार छान आखलंय,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “फक्त, गोंदाने प्रकृती सुधारते असं निघालं तर जरा अतीच दिसेल.”

“कचेरीतलेही ठणठणीतच निघतील, साहेब. फरक काही नाही, एवढंच येईल.”

“मग खुर्ची तुमचीच समजा. तुमचं तेवढं उरकू द्या, मी स्वतः बघून जातो.”

तपासनीसाला दाखवण्यापुरतेच कचेरीतले घ्यायचे होते, त्यामुळे ती घाईने स्टुलावर बसली. मामासमोर बसल्यावर तिला उगाच लहान झाल्यासारखं वाटलं. चप्पल काढून तिने पाय त्याच्या मांडीवर ठेवला.

“गुदगुल्या केल्यास तर आईला सांगेन.”

“तुझी आई माझ्याहून लहान आहे. मिट डोळे.”

तिने डोळे मिटले. काटा तळहातावर आपटल्याचा आवाज आला. खालून यंत्रांची घरघर येत होती. साहेबांनी एकदा घसा खाकरला.

ती वाट पाहत राहिली. मामाचा हा जुना खेळ तिला पाठ होता. इंजेक्शन देतानाही तो असाच ताटकळत ठेवायचा.

पुन्हा काटा आपटल्याचा आवाज झाला. तिने दुसरा पायही पुढे केला. मामा काहीच बोलत नव्हता. बोलत नसलेला मामा ही गोष्ट इतकी नवीन होती, की तिला हसू फुटलं.

“पुरे ना रे,” ती म्हणाली. “साहेब खोळंबलेत. लाव की आता एकदाचा!”

तिने एक डोळा किलकिला करून पाहिलं. काटा तिच्या अंगठ्यावर टेकलेला होता आणि चांगला थरथरत होता.