एकही स्क्रू बदलायचा नाही

ऐक फक्त, मध्येमध्ये प्रश्न विचारू नकोस. गिटार दुरुस्त करणारी एक बाई. बाई कसली, तिशीच्या आतली पोरगी. वडील गेल्यावर त्यांचं दुकान तिनेच चालवायला घेतलेलं. आणि त्या दिवशी दुकानात म्युझियम आला होता.

म्युझियम हे त्याचं टोपणनाव, बरं का. जुन्या इलेक्ट्रिक गिटारी जमवायचा आणि काचेत ठेवायचा. आधी त्याने धापा टाकत एक जुना ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, काउंटरवर ठेवला. मग एक लांबट पेटी. पेटी उघडली आणि हिने हातातला पाना खाली ठेवला.

लोण्याच्या रंगाची गिटार. जिथे उजवा हात टेकतो तिथला रंग झिजून आतलं लाकूड दिसत होतं. ती झीज तिच्या बाबांच्या हाताची होती.

"साठीची झालीय," म्युझियम म्हणाला. "हा प्रकार येण्याआधीच्या सगळ्या पोकळ असायच्या. आवाज वाढवला की केकाटायच्या. मग कुणीतरी डोकं चालवलं, पोकळी हवीच कशाला? भरीव लाकूड घ्या, मान जोडा, चार स्क्रू मारा. लोक हसले तेव्हा. म्हणे, ही वाजवायची की हिच्यावर कपडे बडवायचे?"

"आणि ॲम्पला जोडली नाही तर मुकी," ती म्हणाली.

"म्हणून तर हा आणलाय. तिच्याच सालचा."

तिला ओळखल्याचं त्याने काही दाखवलं नाही. तिने मात्र त्याला झोपेतही ओळखलं असतं. सहा वर्षांपूर्वी बाबांना पहिला झटका आला, तेव्हा हाच हॉस्पिटलमध्ये भेटायला आला होता. बाबांशी दार लावून बोलला आणि जाताना आईला म्हणाला, "गिटार नेतो, दोन दिवसांत आणून देतो." आठवड्याभरात दुसरा झटका आला आणि बाबांची वाचा गेली. घरातलं एकेक विकून उपचार चालले होते. ही रोज उशाशी बसून सांगायची, "बाबा, नाही आणली हो अजून त्याने." बाबांचं वाकडं झालेलं तोंड हलायचं. हसताहेत की रडताहेत कळायचं नाही. ही रडणंच समजायची. बाबा गेले तेव्हा म्युझियम पोचवायलाही आला नाही.

काउंटरवर एक काचेची बरणी होती, कापलेल्या दोन पिनांच्या प्लगांनी भरलेली. ती बाबांची रीत. जुना ॲम्प आला की बाकी काही बघायच्या आधी त्याचा प्लग उडवायचा आणि अर्थिंगची तीन पिनांची वायर बसवायची. "माणूस दोन पायांवर उभा राहतो, ॲम्प नाही," असं म्हणायचे ते.

म्युझियमने बरणी हलवून बघितली. "दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतंय. माझ्या ॲम्पचे दात काढायचे नाहीत हं. नुसती साफसफाई. एकही स्क्रू बदलायचा नाही. सगळं ओरिजिनल राहिलं पाहिजे."

"तसं लिहून द्या."

त्याने हसत सही केली. "पक्की आहेस. कुणाकडे शिकलीस?"

"घरीच."

"हं." तो जरा वेळ बरणीकडेच बघत राहिला. "रविवारी दुपारी कार्यक्रम आहे. हीच गिटार, हाच ॲम्प."

"गाणार कोण?"

"गिटार ज्याची, तोच गाणार. दुसरा कोण?"

जाताना त्याने तीन पास ठेवले. घरी किती जण, ते विचारलंसुद्धा नाही.

चार दिवस ती राबली. तारांखालच्या पट्ट्या घासल्या, मान सरळ केली, लाकूड पुसलं. ॲम्पला मीटर लावला, काटा बघितला, मीटर बंद करून ठेवला. प्लगला हात लावला नाही. काढलेला प्रत्येक स्क्रू जिथल्या तिथे परत बसवला. सांगितलं होतं तसं, तंतोतंत.

रविवारी तिने दोन पास आईला आणि गिटार शिकणाऱ्या धाकट्या भावाला दिले.

"तू नाही येत?" आईने विचारलं.

"डोकं दुखतंय."

"फुकटचा कार्यक्रम आणि ताईला डोकेदुखी," धाकटा म्हणाला. "जगबुडी जवळ आली म्हणायची."

"गप जा. आणि पुढच्या रांगेत बसा. त्याच्याकडे नीट बघा."

ती दुकानात बसून राहिली. कुलूप आतून, फोन समोर. चारच्या सुमाराला आईचा फोन आला. आई हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम.

"अगं, त्याने स्टेजवरून सगळं सांगितलं. तुझ्या बाबांनीच त्याला न्यायला लावली होती ती गिटार. म्हणाले, घरात राहिली तर ही लोकं माझ्या औषधापायी विकतील. धाकटा तयार होईपर्यंत सांभाळ, आणि कुणाला बोलू नकोस. तोंडातून निघून जाईल म्हणून बाबा गेले तेव्हासुद्धा आला नाही बिचारा. आणि आपण काय काय बोललो गं त्याला. आता धाकट्याला वर बोलावलंय. गळ्यात घातलीय त्याने, अगदी बाबाच उभे आहेत बघ. थांब, तुलाही ऐकवते."

"आई, त्याला खाली उतरव. ॲम्प बंद करायला सांग. हात तारांवर असताना माइकला ओठ लावू देऊ नकोस. ॲम्पमधून तारांत करंट येतोय, आई, काटा बघितलाय मी, मला माहीत होतं..."

ती ओरडत होती, घसा फाटेपर्यंत. पण आईने फोन केव्हाच स्टेजकडे धरला होता. पलीकडून पहिला झंकार आला, स्वच्छ, बाबांच्या वेळेसारखा. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या. मग माइकचा स्टँड जवळ ओढल्याचा आवाज आला.

सांग ना, तू काय केलं असतंस?