पाटीवरची चौदा तारीख

पाटीवर मालतीबाईंची जन्मतारीख बरोबर होती. पुढे आडवी रेघ, आणि रेघेपुढे येत्या शुक्रवारची चौदा तारीख.

"मॅडम, नाक बघा," पुंडलिक म्हणाला. रामवाडीतल्या त्याच्या कारखान्यात दोनशे गणपतींच्या रांगेत मालतीबाईंचा पुतळा अवघडून बसला होता. "माती ओली हाय तोवर कायपण बदलता येतंय."

"नाक ठीक आहे. ही दुसरी तारीख कोणी दिली?"

"गौरव समितीचे अध्यक्ष, सुश्रुतसाहेब. मला वाटलं, तुमाला सांगितलं असेल."

धूमकेतू शोधणाऱ्या मालतीबाई जिल्ह्यातल्या पहिल्या बाई. वेधशाळेत बाईमाणसाला घुमटाची किल्ली देत नसत. त्यांनी नऊ वर्षं रोज अर्ज केला. शेवटी साहेब किल्ली टेबलावर ठेवून निवृत्त झाले. मालतीबाईंचा नियम एकच. तीनदा दिसल्याशिवाय शोध जाहीर करायचा नाही.

रोह्याच्या एसटीत त्यांनी वही काढली. पुतळ्याला पैसे देणाऱ्या देणगीदाराची अट होती, पुतळा दिवंगत व्यक्तीचाच हवा. म्हणजे त्यांच्याकडून एकच गोष्ट बाकी होती. त्यात आता ही पाटी. वडखळला गाडी थांबली तेव्हा तिसरी नोंद आठवली. सुश्रुत दर मंगळवारी पेढे आणतो, तब्येत विचारतो, आणि स्वतः एकही खात नाही. मालतीबाईंना मधुमेह होता; ते मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं. पेढे फ्रिजमध्ये साठले होते.

गुरुवारी तो रोह्याजवळच्या अष्टमी गावात त्यांच्या घरी पेढ्यांचा डबा न्यायला आला.

"मावशी, पेढे संपले?"

"सगळे."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. "चक्कर वगैरे?"

"अजून तरी नाही. बस. रिकामा डबा परत द्यायची आमच्यात पद्धत नाही. पोळ्या केल्यात. गरम आहेत तोवर खा."

"खव्याच्या?"

"घरात होतं त्यातून जमवल्या."

त्याने चार खाल्ल्या. मिशीवरचं तूप पुसत म्हणाला, "हाताला काय चव आहे हो तुमच्या!"

मालतीबाईंनी वहीत वेळ लिहिली.

शनिवारी दुपारी पुंडलिकचा फोन आला.

"मॅडम, समितीवाले आलते. दुसरा पुतळा परवडत नाय म्हणतात. हाच ठेवा, नाव बदला आणि मिशा लावा. तारीख तीच बरोबर हाय."